शिक्षकांनी बाहेर थांबावे

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षण सुरू होण्याआधी माइकवरून एक सूचना हमखास होते. ‘मार्गदर्शक शिक्षकांना नम्र विनंती, त्यांनी आपापले स्टॉल सोडून बाहेर थांबावे. परीक्षकांसमोर फक्त विद्यार्थी असतील.’ ही सूचना एकदा करून भागत नाही. पहिल्यांदा झाली की शिक्षक हलल्यासारखं करतात. कुणी वायर पुन्हा एकदा खोचून बघतं, कुणी पोराची कॉलर नीट करतं, कुणी कानात शेवटचं वाक्य सांगतं. दुसऱ्यांदा ती शाळांची नावं घेऊन होते. तिसऱ्यांदा केंद्रप्रमुख स्वतः हात जोडून रांगांमधून फिरतात, ‘चला सर, चला मॅडम, आता पोरांना सोडा’ म्हणत. मग आम्ही सगळे बाहेरच्या मांडवात येतो, चहाचे कागदी कप हातात घेतो आणि खिडकीच्या गजांतून आत बघत राहतो.

आतलं काही ऐकू येत नाही. परीक्षक पुढे वाकतात, पोरगी बोटानं काहीतरी दाखवते, तिच्या जोडीदाराचे ओठ तिच्याबरोबरच हलतात, कारण दोघांनी एकच पाठ केलेलं असतं. परीक्षक मान हलवतात. ती ‘समजलं’ म्हणून हलली की ‘पुरे’ म्हणून, हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. शेजारी उभे असलेले सर छातीठोकपणे सांगतात, पुरे म्हणून हलली. त्यांच्या शाळेचा स्टॉल त्याच रांगेत पुढे असतो.

मी निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुलांचा अभिमान वाटतो म्हणजे आत नेमकं काय होतं, हे मला या खिडकीशी उभं राहून जेवढं कळलं तेवढं निकालाच्या टाळ्यांत कधी कळलं नाही. टाळ्या पडताना अभिमान सगळ्यांनाच वाटतो. मुख्याध्यापकांना वाटतो, संस्थाचालकांना वाटतो, वर्षभर शाळेकडे न फिरकलेल्या पुढाऱ्यालाही वाटतो आणि तो चौकात फ्लेक्स लावतो. त्या फ्लेक्सवर मुलांपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात. परीक्षण चालू असतानाच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात मात्र अभिमानाला कशाचाच आधार नसतो. नंबर अजून लागलेला नसतो, बोललेलं ऐकू येत नसतं, आणि आपल्या हातात रिकामा कप सोडून काही नसतं.

ज्यांच्या घरात शाळकरी मूल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा या प्रदर्शनाच्या पायऱ्या आहेत आणि शेवटी राष्ट्रीय प्रदर्शन, जे एनसीईआरटी १९७१ पासून भरवत आली आहे. दर वर्षी एक मुख्य विषय ठरतो आणि त्याखाली शेती, आरोग्य, दळणवळण, पर्यावरण असे उपविषय येतात. सहावी ते आठवीचा एक गट, त्यापुढच्यांचा दुसरा. शिक्षकांनी बनवलेल्या शैक्षणिक साहित्याचा विभाग वेगळा आणि प्रयोगशाळा परिचरांचाही वेगळा. हा शेवटचा विभाग माझा सगळ्यांत आवडता. वर्षभर ‘मामा, बीकर धुऊन ठेवा’ एवढंच ऐकणारा माणूस त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः केलेल्या उपकरणामागे उभा असतो आणि आम्हालाच समजावून सांगतो. ज्या वर्षाची गोष्ट मी पुढे सांगणार आहे, त्या वर्षी आमच्या शाळेचे मामा जुन्या सायकलच्या चाकापासून हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज करून घेऊन आले होते. आत काय घडलं ते मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं, म्हणून त्यांचा उल्लेख आत्ताच करून ठेवते.

प्रदर्शनाच्या हॉलला स्वतःचा एक वास असतो. फेव्हिकॉल, ओला पोस्टर कलर, सोल्डरिंगचा धूर आणि दुपारच्या जेवणाची मसालेभाताची फोडणी. मांडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या तरी जुन्या ओळखीच्या निघतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर घातलं की फसफसणारा ज्वालामुखी, सिरिंजांच्या दाबावर हलणारा जेसीबी, भरली की वाजणारी पाण्याची टाकी, छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीत सोडणारं घर. पूर्वी अख्खी गावं थर्माकोलची असायची. २०१८ साली राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि गावं पुठ्ठ्यावर आणि सनबोर्डवर वसायला लागली. डोंगर मात्र अजून त्याच हिरव्या रंगाचे आहेत. अलीकडे आर्डुइनो नावाचा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड आला आहे. अंध व्यक्तींसाठीची काठी तर दर वर्षी असतेच. तिच्या टोकाला अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवतात. तो आपल्या कानांना न ऐकू येणारा ध्वनी सोडतो आणि अडथळ्यावर आपटून परत यायला त्याला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. मी या काठीची टिंगल करणाऱ्यांतली नाही. ध्वनीचा वेग पाठ करण्यापेक्षा त्याच्याकडून काम करून घेणं केव्हाही चांगलं. फक्त काठी धरून उभ्या असलेल्या मुलाला एवढंच विचारून बघा, ‘ही कुणा अंध माणसानं हातात घेऊन पाहिली का रे?’ बहुतेक वेळा पोरगं उत्तरासाठी खिडकीकडे बघतं.

खिडकीकडे का बघतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. शेजारणीच्या हातची भाकरी जशी ओळखू येते, तसा मॉडेलवरचा मोठ्या माणसाचा हात ओळखू येतो. कापलेली कड सरळ, अक्षरं छापील, वायरी टेपमध्ये गुंडाळून आत दडवलेल्या. पोरांनी केलेलं असलं की फेव्हिकॉल कडेनं बाहेर आलेला असतो आणि ‘संशोधन’वरचा अनुस्वार नंतर वेगळ्या शाईनं दिलेला असतो. मुलांची स्वतःची कल्पकता हा परीक्षणाच्या निकषांतला मोठा निकष आहे, तो कागदावर छापूनही येतो. तरी बाजारात तयार प्रकल्प मिळतात, ते खपतात, आणि न मिळाले तर रात्री जेवणं झाल्यावर शिक्षकच करायला बसतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण शाळा सुटली की अर्ध्या वर्गाला मळ्यात जायचं असतं, उरलेल्यांची एसटी असते, प्रयोगशाळेत सोल्डरिंग गन एकच आणि तीही मामांच्या मर्जीवर चालणारी. त्यात मुख्याध्यापक रोज मधल्या सुट्टीत विचारतात, ‘मॅडम, यंदा आपलं काय?’ अशा वेळी हात शिवशिवतातच. माझेही शिवशिवतात. फक्त यातला एक हिशोब मला चुकवता येत नाही. मॉडेलला माझा हात जितका लागेल तितका मला त्याचा अभिमान वाटण्याचा हक्क कमी होतो. नंबर आला तरी तो माझाच आला. या वयात सहावी ते आठवीच्या गटात नंबर काढून मी करू काय?

त्या वर्षी माझ्याकडे आठवीत जाणारी एक मुलगी आणि तिच्या शेजारच्या मळ्यातला तिच्याच वर्गातला एक मुलगा अशी दोघं आली. नावं लिहीत नाही. आता ती मोठी झाली आहेत आणि आपल्याबद्दल छापून आलेलं त्यांना रुचेलच असं नाही. मुलगी वर्गातली सगळ्यांत बोलकी. मुलगा हजेरीलाही हळू ‘उपस्थित’ म्हणणारा, पण आकड्यांत पक्का. आमच्याकडे उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. ज्याला पैशाची निकड नाही, किंवा ज्याला पडेल भावात विकणं जिवावर येतं, तो साठवणीच्या कांदाचाळीत भरतो आणि दसरा-दिवाळीपर्यंत भाव चढायची वाट बघतो. या सहा महिन्यांत चाळीतला कांदा वाळतो, त्याला काजळी धरते, कोंब येतात, आणि पावसाळी हवेत तो सडतो. मुलीचा प्रश्न असा होता: ‘मॅडम, आमचे नाना रात्री नुसते चाळीपाशी जाऊन उभे राहतात आणि कोणत्या कप्प्यात कांदा सडायला लागला ते नाकानं सांगतात. नाकाला कळतं ते काट्याला कळेल का?’

या प्रश्नावर मला बरंच काही सांगता आलं असतं. कांदा काढल्यानंतरही जिवंत असतो, श्वसन करतो, त्यातलं पाणी उडत राहतं. साठवणीला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, जाड मानेचा कांदा आधी जातो. हे सगळं जिभेवर आलं होतं. पण वर्गात दुसरा तास सुरू होत होता. मी एवढंच म्हटलं, ‘बघा की मोजून.’ प्रमाणपत्रावर ‘मार्गदर्शक शिक्षक’ म्हणून माझं जे नाव छापलं आहे, त्यातला मोठा भाग या तीन शब्दांचा आहे.

त्यांनी मोजलं. एकाच दिवशी, एकाच ढिगातला, फार जाड मान नसलेला, कुदळ न लागलेला कांदा निवडला आणि त्याचे सारख्या वजनाचे तीन वाटे केले. एक प्लास्टिकच्या जाळीत घालून चाळीच्या कडेला, वारा लागेल असा. दुसरा तशाच जाळीत, पण ढिगाच्या पोटात, तळाची फळी काढून ओढता येईल अशा जागी. ही युक्ती त्यांना नानांच्या शिव्यांनी सुचली, कारण आधी ती दर वेळी ढीग उपसत होती आणि घासून घासून कांद्याचा पापुद्रा जात होता. तिसरा वाटा गोणीत, घराच्या पडवीत. दर रविवारी किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन. हवेतली आर्द्रता मोजायला मी प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर दिले. एकाच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळायचं, दुसरा कोरडा ठेवायचा. ओल्या फडक्यातलं पाणी उडताना थंडावा येतो, म्हणून ओला थर्मामीटर कमी दाखवतो. हवा जितकी कोरडी तितका फरक जास्त. फरकावरून आर्द्रता काढायचा तक्ता मी हातानं उतरवून दिला. बाकी मे महिन्याची सुट्टी होती आणि मी माहेरी होते.

सुट्टीत एकदा मुलाचा फोन आला. न बोलणाऱ्या मुलाचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. ‘मॅडम, ओल्या थर्मामीटरचं फडकं वाळून गेलं होतं. आज दोन्ही सारखंच दाखवताय. हे लिहायचं का?’ मी म्हटलं, लिही, आणि फडकं वाळलं होतं हेही लिही. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग विचारलं, ‘पेनानं?’ शाळेच्या वहीत चुकलेली गोष्ट पेनानं लिहून कायमची ठेवायची, हे त्याला कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

शाळा उघडली तेव्हा मुलगी खट्टू होती. वाऱ्यावरच्या जाळीचं वजन सगळ्यांत आधी घटायला लागलं होतं. ‘वारा लागला की कांदा टिकतो म्हणतात ना मॅडम? मग हाच कसा कमी होऊ राहिला?’ ढिगाच्या पोटातला कांदा मात्र आपलं वजन राखून होता. मी गप्प बसले. हे बसणं फार अवघड असतं, शिक्षकी पेशातलं सगळ्यांत अवघड काम मी तरी तेच समजते. श्रावणात पाऊस लागून राहिला आणि पोटातल्या जाळीतून पाणी गळायला लागलं. वरून टणक दिसणारे कांदे बोटाखाली दबत होते. त्या आठवड्यात मुलानं वहीत नवीन रेघा मारल्या. ‘वजन’ या एका रकान्याचे त्यानं दोन केले. एकात ‘वाळून गेलं’ आणि दुसऱ्यात ‘सडलं म्हणून काढलं’. कडेचा कांदा वाळून हलका झाला होता, पण शाबूत होता. पोटातला जड राहिला आणि सडला. दोन्हींना आपण घटच म्हणतो, पण त्या घटींची कारणं वेगळी, त्यावरचे उपाय वेगळे, आणि बाजारात त्यांची किंमतही वेगळी.

हे दोन रकाने मी सुचवलेले नव्हते. मी ती वही स्टाफरूममध्ये नेली आणि जो भेटेल त्याला दाखवली. मराठीच्या सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘अक्षरावर मेहनत घ्यायला पाहिजे.’ मला त्यांचाही राग आला नाही, इतकी मी खुशीत होते.

आमच्या पिढीतल्या कितीतरी विज्ञान शिक्षकांनी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची एक गोष्ट वर्गात सांगितलेली आहे. मुलं त्यांच्याकडे सही मागायला गेली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. सह्यांची वही भरणाऱ्या मुलाला आधी प्रश्न शोधावा लागे. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत, जी त्यांनीच १९८८ साली उभी केली, मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी तिथं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती शिकवली. आमच्यासारख्या, ग्रँट मार्चअखेरीस येणाऱ्या शाळांना त्या व्हॉल्व्ह ट्यूबनं किती वर्षं तारलं ते आमचं आम्हाला माहीत. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदही आहे. तिथं मुलांनी आपल्या भोवतालचा प्रश्न घ्यायचा आणि प्रत्यक्ष पाहणी करून मांडायचा असतो. म्हणजे मोजण्याला व्यासपीठ नाही असं मुळीच नाही. तालुक्याच्या हॉलमध्ये मात्र पेटणारी, फिरणारी, वाजणारी वस्तू लागते. दीपप्रज्वलन करून फेरी मारायला निघालेल्या पाहुण्यांना वही वाचायला वेळ नसतो.

त्यामुळे नोव्हेंबरात सल्ल्यांचा पाऊस पडला. ‘मॅडम, निदान एखादा बल्ब तरी पेटू द्या.’ ‘चाळीचं मॉडेल करा, आत छोटा पंखा बसवा.’ एका तरुण सहकाऱ्यानं तर सेन्सर मागवायची तयारी दाखवली, आणि त्याचा हेतू अगदी चांगला होता. मुलांना विचारलं तर मुलगी म्हणाली, पंखा नको, चाळीत पंखा नसतोच. त्यांनी दोन जाळ्या, गोणी, वही, ड्रॉइंग पेपरवर काढलेला आलेख आणि झाकण लावलेल्या बरणीत सडका कांदा एवढंच न्यायचं ठरवलं. आलेखाच्या रेघा दोन ठिकाणी जाड आल्या होत्या. मला तो कागद नव्यानं काढून द्यावासा वाटत होता. मी घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतले.

प्रदर्शनात आमच्या शेजारी मोठ्या गावच्या शाळेचा स्टॉल आला. त्यांचंही कांदाच. चाळीत कांदा सडला की वायू ओळखणारा सेन्सर, त्याला आर्डुइनो, छोट्या पडद्यावर आकडे, धोक्याला लाल दिवा आणि भोंगा. आमच्या जाळ्या त्याच्याशेजारी अगदी बिचाऱ्या दिसत होत्या. माइकवरची सूचना तिसऱ्यांदा झाली आणि मी बाहेर आले.

खिडकीतून मला मुलीची पाठ आणि हात दिसत होते. सुरुवातीची वाक्यं पाठ केलेली होती, ते खांद्यांवरूनच कळत होतं. मग एका परीक्षकांनी काहीतरी विचारलं आणि खांदे सैल झाले. तिनं जाळीत हात घातला, वरचे कांदे बाजूला सारले, तळातला एक उपसून काढला, मानेवर अंगठा दाबून दाखवला आणि परीक्षकांच्या हातात दिला. मी ही हालचाल कितीदा पाहिली आहे. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, कुठल्याही लिलावात ट्रॉलीपाशी उभा असलेला माणूस हेच करतो. ते तिचे नाना होते, तिच्या हातांतले. मी शिकवलेलं त्यात काहीच नव्हतं, आणि माझा ऊर भरून आला तो नेमका त्याच क्षणी. कशाचा अभिमान वाटत होता मला? मी न दिलेल्या गोष्टीचा. तेव्हा ते विचित्र वाटलं. आता वाटत नाही.

न बोलणारा मुलगाही एकदा बोललेला दिसला. फार थोडं. पण त्यानंतर परीक्षकांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं.

काय बोलला ते मामांनी सांगितलं. त्यांचं परीक्षण आधीच उरकलं होतं आणि पाण्याची बाटली द्यायच्या निमित्तानं ते मागे उभे राहिले होते. ते तावातावानं बाहेर आले. पहिल्या परीक्षकांनी विचारलं म्हणे, ‘बाळ, यात नवीन काय आहे?’ त्यावर मुलगी म्हणाली, ‘नवीन काही नाही, सर. नानांना नाकानं कळतं ते आम्ही काट्यावर बघितलं.’ मामांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्यांनी विचारलं, ‘लासलगावला तर किरणं देऊन कांदा टिकवतात, मग तुमचं हे कशाला?’ प्रश्न रास्त होता. भाभा अणुसंशोधन केंद्रानं लासलगावला उभारलेलं ‘कृषक’ हे केंद्र आमच्यापासून फार लांब नाही. गॅमा किरणांची अल्प मात्रा दिली की कांद्याला कोंब येत नाहीत. मुलगी म्हणाली, ‘त्यानं कोंब थांबतात. आमचा कांदा कोंबानं कमी गेला, सडून जास्त गेला.’ हे ती कुठून वाचून आली होती, देव जाणे. मी सांगितलं नव्हतं.

‘आणि मग, मॅडम,’ मामा म्हणाले, ‘त्यांनी विचारलं की सगळ्या शेतकऱ्यांनी कांदा वाऱ्यावरच ठेवावा, असं सांगायचं का आपण? आता इथं हो म्हणायचं की नाही? तर आपलं हे ध्यान काय बोललं? म्हणे, ते आम्ही मोजलं नाही. एकच चाळ बघितली आणि एकाच वर्षाचा पाऊस. गेला नंबर, मॅडम. सगळी पोरं हो म्हणतात हो.’

मामांचं खरं होतं. त्या हॉलमध्ये सगळी पोरं हो म्हणतात. याचा शेतकऱ्यांना फायदा होईल का? हो. प्रदूषण कमी होईल का? हो. देशभर वापरता येईल का? हो सर, नक्की. आम्हीच तसं शिकवतो. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आम्ही वर्गात उभं ठेवतो, परीक्षेत कोरी जागा सोडली तर गुण जातात, म्हणून ‘काहीतरी लिहाच’ असं बजावून पेपरला पाठवतो. तेरा वर्षांचं मूल, समोर बिल्ला लावलेले दोन परके मोठे लोक, शेजारी लाल दिवा पेटवणारा स्टॉल, आणि उत्तर तर परीक्षकांनी स्वतःच पुढे केलेलं. नुसती मान हलवायची होती. त्यानं ती हलवली नाही. शाळेत कुठल्याच तासाला हे शिकवत नाहीत, माझ्याही नाही. वाळलेल्या फडक्याची ती नोंद पेनानं लिहिताना त्याच्यात काही बसलं असेल, एवढा एक अंदाज मी करू शकते. मी मामांना चहा दिला. घोट घेता घेता ते अजून नंबराचं दुःख करत होते, आणि मी त्यांच्याकडे बघून इतकी हसत होते की शेजारच्या सरांना वाटलं आमचा पहिला आला.

पहिला त्यांचा, म्हणजे सेन्सरवाल्यांचा आला. आमच्या वाट्याला उत्तेजनार्थ. मुख्याध्यापकांनी ‘छान, छान’ म्हणताना फोन खिशातून काढलाच नाही, त्यावरून मी काय ते समजले. थोडं लागलंच मला. पण निकालाआधी घडलेली एक गोष्ट कुठल्याच गुणपत्रिकेत गेली नाही. परीक्षण संपल्यावर सेन्सरवाला मुलगा स्वतःहून आमच्या स्टॉलवर आला आणि सडक्या कांद्याची बरणी मागायला लागला. त्यानं आपलं यंत्र आजवर अत्तरावर आणि लायटरच्या गॅसवरच तपासलं होतं, असं त्यानंच सांगितलं. झाकण उघडलं, दोन रांगा नाक दाबून पांगल्या. भोंगा वाजला. सगळी खूश. मग आमच्या मुलानं चांगला कांदा मधोमध कापून पुढे धरला. भोंगा परत वाजला. त्यावर चौघं जण असे भांडायला लागले की बक्षीस समारंभासाठी त्यांना खुर्च्यांवर आणून बसवावं लागलं. सेन्सरचा आकडा किती वर गेला की सडका म्हणायचं, यावर ते वाद घालत होते. पाहुण्यांचं भाषण चालू असताना सेन्सरवाल्याच्या तळहातावर आमचा मुलगा पेनानं काहीतरी आकडे लिहीत होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी दोघांकडे डोळे वटारले. मी दुसरीकडे बघितलं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळा सुटायच्या बेताला मुलगी रागानं लाल होऊन प्रयोगशाळेत आली. नानांनी यंदा चाळ भरताना ढिगाच्या पोटात भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप उभे केले होते, आत हवा खेळावी म्हणून.

‘मग बरंच झालं की,’ मी म्हटलं.

‘काय बरं झालं मॅडम? आल्या-गेल्याला सांगतात, मला हे आधीपासूनच माहीत होतं!’

‘मग तू काय म्हणालीस?’

‘म्हटलं, मग आधी का नाही लावले? तर उठून बैलाला पाणी पाजायला गेले.’

मी तिला विचारलं, पाइप लावलेल्या भागातल्या जाळीचं वजन घ्यायला सुरुवात केली का.

‘बिनपाइपाच्या भागाचंही घेऊ राहिलोय,’ दाराशी उभा असलेला मुलगा म्हणाला.